निवडताना आमदार लागतो, काढताना का नाही?

रविवारी संध्याकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या कडेला, किल्ल्याकडच्या कट्ट्यावर आम्ही तिघं बसलो होतो. एमपीएससीचा अभ्यास करणारा आमचा पोरगा सराव परीक्षेची पत्रिका घेऊन आला. एक प्रश्न त्याचा चुकला होता: राष्ट्रपतीच्या निवडणुकीत ज्यांना मत असतं, पण महाभियोगात, म्हणजे त्याला पदावरून काढायच्या कारवाईत नसतं, असे कोण? उत्तर होतं, विधानसभांचे आमदार.

अण्णा लगेच उसळले. पूर्व भागात त्यांचे लूम आहेत. शर्टावर टॉवेलच्या सुताची रुवं तशीच चिकटलेली. "काय बोलूलालास बे! आपल्या आमदाराच्या मताची किंमत १७५ म्हणून टीव्हीवर सांगतात. निवडायला तो पाहिजे, आणि काढायच्या वेळी त्याला कोण विचारत नाही?"

"उलटंबी हाय अण्णा," पोरगा म्हणाला. "राज्यसभेवर राष्ट्रपती जे १२ जण नेमतात, त्यांना निवडणुकीत मत नाही. महाभियोगात हाय."

"म्हणजे नेमलेला आत आणि आमचा निवडून आलेला दाराबाहेर!"

वकीलसाहेबांनी शेंगांची पुडी कट्ट्यावर सोडली आणि त्यातल्या बारा शेंगा ओळीनं मांडल्या. "अण्णा, आधी रीत बघा. हे एक सभागृह. यातल्या किमान चौथ्या हिश्शानं, म्हणजे तिघांनी, सह्या करून लेखी नोटीस द्यायची. किमान १४ दिवस जाऊ द्यायचे. मग आरोपाचा ठराव मांडायचा. पास व्हायला दोन-तृतीयांश, म्हणजे आठ जण पाहिजेत." मग त्यांनी तीन शेंगा उचलून मुठीत धरल्या. "हे तिघं आलेच नाहीत. आता किती लागतील?"

"नऊ उरले. सहा," पोरगा म्हणाला.

"आठच. कलम ६१ हजर किती ते बघत नाही, सभागृहाची एकूण सदस्यसंख्या धरतं. जो घरी बसला, त्यानं विरोधात मत दिल्यासारखंच."

लोकसभेच्या ५४३ पैकी ३६२, राज्यसभेच्या २४५ पैकी १६४. आणि हे दोन्हीकडे. एका सभागृहानं आरोप ठेवायचा, दुसऱ्यानं चौकशी करायची किंवा करवून घ्यायची. राष्ट्रपती तिथं स्वतः येऊन किंवा वकील देऊन बाजू मांडू शकतो. आरोप शाबीत झाल्याचा ठराव तिथंही दोन-तृतीयांशानं झाला, की त्या तारखेपासून पद गेलं. अमेरिकेत खालच्या सभागृहाला साधं बहुमत पुरतं आणि सिनेटमध्ये हजर असलेल्यांचे दोन-तृतीयांश मोजतात. तरी १८६८ साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन एका मतानं वाचले, आणि तिथं आजवर महाभियोगानं एकाही राष्ट्राध्यक्षाचं पद गेलेलं नाही. आपल्याकडे तर एकाही राष्ट्रपतीवर अजून महाभियोग चाललेला नाही.

"शेंगा राहू द्या. माझा प्रश्न तिथंच हाय," अण्णा म्हणाले.

मग मी बोललो, कारण ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मंत्री शपथ घेतो ती घटनेशी निष्ठा राखण्याची. राष्ट्रपती शपथ घेतो ती घटना जपण्याची, तिचं रक्षण करण्याची. ही शपथ कलम ६० मध्ये आहे आणि महाभियोग त्याच्या लगेच पुढच्या कलमात. कारण एकच दिलंय, घटनेचा भंग. लोकांची नाराजी, सरकारशी न पटणं, यातलं काही नाही. म्हणून हा अविश्वास ठराव नव्हे, हा खटला आहे. कुणी निवडलं हा प्रश्न तिथं येतच नाही. शपथ मोडली का, एवढंच बघायचं.

"पण भंग म्हणजे नेमकं काय?" पोरग्यानं बरोबर नस पकडली. घटनेत त्याची व्याख्या नाही. वकीलसाहेबांनी माजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंगांची गोष्ट काढली. १९८६ साली संसदेनं टपाल विधेयक पास केलं. त्यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. सहीला मुदत घटनेत लिहिलेलीच नाही. मग याला भंग म्हणायचं का? मी म्हणालो, नाही. वकीलसाहेब म्हणाले, ते ३६२ आणि १६४ जण ठरवतील. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण मला ते खटकतं. एवढा मोठा आरोप आणि त्याचा अर्थ सगळा संख्याबळावर.

अण्णा आता शांतपणे बोलू लागले. "समजा, घटना मोडून राष्ट्रपती राजवट लावली. आमची विधानसभा बरखास्त. घर आमचं पाडलं आणि पंचात आमचाच माणूस नाही. हा कुठला खटला?"

याचं उत्तर मला पटकन सुचलं नाही. राज्यसभेचे बहुतेक खासदार आमदारच निवडून देतात, आपल्या महाराष्ट्राचे १९ आहेत, एवढं मी म्हणालो. अण्णांनी नुसता हात हलवला.

वकीलसाहेब म्हणाले, "सही राष्ट्रपतीची असली तरी निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून त्यांचा सल्ला राष्ट्रपतीला बंधनकारक आहे. फार तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो. मग महाभियोग लावून हाती काय येणार? त्यासाठी कोर्ट आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकातले मुख्यमंत्री बोम्मई बघा. त्यांचं सरकार बरखास्त केलं, ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. नऊ न्यायाधीशांपुढं सुनावणी झाली. राष्ट्रपती राजवट कोर्टाला तपासता येते आणि बोम्मईंचं सरकार घालवणं घटनेला धरून नव्हतं, असा निकाल लागला."

"सरकार कधी घालवलं?"

"एप्रिल १९८९."

"आणि निकाल?"

"मार्च १९९४."

अण्णांनी बोटांवर वर्षं मोजली. मधे एक निवडणूकसुद्धा होऊन गेली होती. वकीलसाहेबांनी मुठीतल्या तीन शेंगा परत ओळीत ठेवल्या, आणि पोरगा अण्णांना विचारत होता, "मग आमदारांना मत दिलं असतं, तर बरखास्त झालेल्या विधानसभेचे आमदार मोजायचे कसे?"