‘तीनपैकी दोनच निवडा’ म्हणणाऱ्या त्रिकोणाचा हिशेब

प्रवेशाचे दिवस जवळ आले की एक त्रिकोण हमखास फिरू लागतो. त्याच्या तीन टोकांना ‘चांगले गुण’, ‘मित्रमंडळी’ आणि ‘पुरेशी झोप’ असे लिहिलेले असते आणि खाली ‘यांपैकी कोणतेही दोन निवडा’ अशी सूचना असते. विनोद म्हणून तो ठीक आहे. मात्र त्याला आता सल्ल्याचे शेपूट जोडले जाते: मित्रांची संगत अभ्यास खाते, कॉलेजे दोनच प्रकारची असतात, अभ्यासाची आणि मजेची, दोन्ही देऊ म्हणणाऱ्या कॉलेजात दोन्ही अर्धवट मिळते, तेव्हा ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याने पहिल्या प्रकारचे कॉलेज घ्यावे आणि पदवी मिळेपर्यंत माणसांचा नाद सोडावा. सतरा-अठरा वर्षांची मुले हा सल्ला गांभीर्याने घेतात, म्हणून तो मुद्द्यागणिक तपासणे आवश्यक वाटते.

आधी त्रिकोणाचा हिशेब पाहू. आठवड्याचे तास 168. रोज आठ तास झोपेला दिले की 56 गेले. अमेरिकी विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थी एका सत्रात साधारण 15 क्रेडिट घेतो आणि प्रत्येक क्रेडिटमागे दर आठवड्याला वर्गातला एक आणि वर्गाबाहेरचे दोन तास धरावेत, असा तिथला जुना संकेत आहे. म्हणजे अभ्यासाचे 45 तास झाले. जेवणखाण, आंघोळ, कपडे, येणेजाणे यांना सढळ हाताने रोज चार तास दिले तरी 28 होतात. सगळ्याची बेरीज 129, म्हणजे 39 तास शिल्लक राहतात. ते नेमके कुठे जातात, हे ज्याच्या हातात फोन आहे त्याला वेगळे सांगायला नको. वैद्यकीय किंवा वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात हे गणित कोलमडते, हे मान्यच केले पाहिजे, आणि ज्याला शिकताना आठवड्याला वीस-पंचवीस तास नोकरी करावी लागते त्याच्यासाठी तर त्रिकोण अजिबात विनोदी नाही. पण तिथे अडचण कामाच्या भाराची असते. मित्र सोडल्याने तो भार हलका होत नाही.

झोपेच्या टोकाबद्दल थोडक्यात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रसायनशास्त्राच्या प्राथमिक वर्गातील 88 विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर झोप मोजणारी पट्टी बांधून केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेचा कालावधी, दर्जा आणि नियमितपणा यांच्याशी गुणांमधल्या फरकाचा जवळपास चौथा हिस्सा निगडित असल्याचे त्यात दिसले. परीक्षेच्या केवळ आदल्या रात्रीच्या झोपेचा मात्र गुणांशी संबंध आढळला नाही. तो आढळला आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेशी. म्हणजे त्रिकोणाने समोरासमोर उभी केलेली दोन टोके एकाच बाजूची निघतात.

आता संगत अभ्यास खाते, या मूळ दाव्याकडे येऊ. यावरचे मला सर्वांत बोलके वाटणारे काम अमेरिकी गणितज्ञ यूरी ट्राइझमन यांचे आहे. 1970 च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर मागे पडत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे राहत. प्राध्यापकांना कारणे विचारली तर ती तयारच होती: इच्छाशक्ती कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही. ट्राइझमन यांनी दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थ्यांचा दिनक्रम दीर्घकाळ जवळून पाहिला, तेव्हा यातले एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, सांगितलेले तास प्रामाणिकपणे भरत होते, पण खोलीत एकट्याने बसून. मित्र होते, पण ते अभ्यास आटोपल्यावर भेटण्याचे. दुसऱ्या गटातील मुले आधी एकेकटी अभ्यास करत आणि संध्याकाळी एकत्र जमत, जेवत, आणि मग वह्या उघडून उत्तरे पडताळून पाहत. एकाचे उत्तर ‘पाय’ (π) आले आणि बाकी सगळ्यांचे 82 आले, तर आपले काहीतरी चुकले आहे हे त्याला परीक्षेच्या आधी कळत असे. एकट्याने बसणाऱ्याला ते परीक्षेनंतर कळत असे. पुढे ट्राइझमन यांनी अवघड गणिते गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा उभ्या केल्या, आणि त्यांत आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले. ‘अभ्यासाच्या वेळी अभ्यास, मित्रांच्या वेळी मित्र’ हा आपण शिस्तीचा कळस समजतो तो नियमच इथे नडला होता.

संगत नेहमीच तारते, असा याचा अर्थ मी काढत नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाचे खोलीसोबती योगायोगाने ठरत, त्याचा फायदा घेऊन अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोलीसोबत्याचा परिणाम गुणांवरही दिसला आणि विद्यार्थ्यांच्या सामाजिक मंडळांत (फ्रॅटर्निटी) सामील होण्याच्या निर्णयावरही. संगत दोन्हीकडे ओढते, एवढाच याचा अर्थ. एकटे राहा, असा नव्हे.

कॉलेजे दोनच प्रकारची असतात, हा दावा एका उदाहरणानेही डळमळतो. शिकागो विद्यापीठाचे विद्यार्थी स्वतःच टी-शर्टवर ‘जिथे मौज मरायला येते’ अशा अर्थाचे वाक्य छापून मिरवतात. इतकी त्या ठिकाणाची अभ्यासू म्हणून ख्याती. त्याच विद्यापीठात 1987 पासून दर वर्षी मे महिन्यात चार दिवस वस्तू शोधण्याची आणि बनवण्याची एक अचाट स्पर्धा भरते, जिच्या यादीत शेकडो कलमे असतात. 1999 च्या यादीत अणुभट्टी बनवण्याचे कलम होते आणि भौतिकशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांनी ती खरोखर बांधली. याला अभ्यास म्हणावे की मजा, हे त्रिकोणवाल्यांनी ठरवावे.

राहिला ‘दोन्ही अर्धवट’ हा दावा. तो मात्र निराधार नाही, कारण माहितीपुस्तिकेतल्या महोत्सवाच्या फोटोंवरून समतोल ओळखायला गेले तर फसगत होण्याचीच शक्यता अधिक असते. वर्षातून तीन दिवस गर्दी जमवणाऱ्या कॉलेजात उरलेले सगळे दिवस प्रत्येक जण तास संपताच घरी पळत असू शकतो. म्हणून पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांत पहिली गुणदानाची पद्धत, जिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाने 2004 मध्ये वरच्या श्रेणी सुमारे 35 टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे धोरण आणले आणि 2014 मध्ये ते मागे घेतले. अशी मर्यादा घातली की शेजाऱ्याला प्रमेय समजावून सांगताना आपली जागा जाईल की काय, अशी शंका मनात येतेच. उलट वर उल्लेख केलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत पहिल्या सत्रात फक्त ‘उत्तीर्ण’ एवढीच नोंद होते आणि नापास झालेला विषय बाहेर दाखवल्या जाणाऱ्या गुणपत्रकात येतच नाही. त्यामुळे नव्या मुलांना मदत मागायला आणि द्यायला मोकळीक मिळते.

दुसरी गोष्ट जागेची. दोन तासिकांच्या मधल्या रिकाम्या वेळेत विद्यार्थी बसतात कुठे? वाचनालयात बोलायला परवानगी असलेली एखादी खोली आहे का, फळा असलेले रिकामे वर्ग संध्याकाळी उघडे राहतात की शिपाई पाच वाजता कुलूप लावतो? बहुतेक विद्यार्थी घरून ये-जा करतात अशा कॉलेजात तर हा प्रश्न वसतिगृहापेक्षाही महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे मैत्री जमायची ती याच सुट्या तासांत. त्यामुळे कॉलेज पाहायला स्वागतसमारंभाच्या दिवशी जाण्यापेक्षा सत्राच्या मध्यावर, एखाद्या साध्या मंगळवारी जावे, आणि भेटेल त्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला इतकेच विचारावे की गेल्या आठवड्यात गणित अडले तेव्हा तू कोणाकडे गेलास. उत्तरात वर्गमित्राचे नाव पटकन येते, की थोडे थांबून खासगी क्लासचे, हे ऐकून घ्यावे.