ऊन लागून पडलेल्याला अर्धा तास पाणी लावू नका म्हणे!

तपन वाढली की तो संदेश मोबाईलवर फिरायला लागतोच. यंदा घरच्या गटावर तो मोठ्या काकूंनी टाकला. खाली भराभर हात जोडलेली चित्रं पडली आणि एका भाच्याने तर ‘शेतावरच्या माणसांनाही पाठवतो’ असं लिहून टाकलं. शेतावर तो जाऊ नये म्हणून हा खटाटोप.

संदेशाचा मजकूर थोडक्यात असा. इक्विनॉक्समुळे (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) सूर्य डोक्यावर आला आहे, पुढचे पाच दिवस जीवघेणे आहेत. उन्हातून आल्यावर थंड पाणी पिऊ नका, हातपाय धुऊ नका, अर्धा तास थांबा, नाहीतर नसा फुटतात. ऊन लागून कोणी पडला तर त्याच्या अंगावर थंड पाणी टाकू नका, झटका येऊन जाईल. घाम येत असेल तर ऊन लागलेलं नाही, निश्चिंत राहा. आपण विदर्भाची माणसं, आपल्याला ४५ अंशांची सवय आहे. खरं तापमान ५० च्या वर गेलंय, पण सुट्टी द्यावी लागेल म्हणून सरकार लपवतं. खिशात कांदा ठेवा. घरात मेणबत्ती ठेवून पाहा, वितळली तर धोका. प्रत्येक खोलीत बादलीभर पाणी ठेवा. शेवटी ‘एका नामांकित डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांचं नाव नाही, गाव नाही, दवाखानाही नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींनी फार तर वेळ वाया जाईल. अर्ध्या तासाच्या सल्ल्याने माणूस जाईल, म्हणून आधी तोच घेऊ.

प्यायच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. ६० किलोच्या माणसाचं अंग एका अंशाने उतरवायला साधारण ५० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. फ्रिजमधलं ५ अंशांचं पाव लिटर पाणी पोटात जाऊन ३७ अंशांपर्यंत तापतं तेव्हा ८ किलोकॅलरी घेतं. म्हणजे अख्ख्या पेल्याने अंग जेमतेम अंशाच्या सहाव्या भागाइतकं निवतं. एवढ्याने नसा फुटत असत्या तर मे महिन्यातल्या प्रत्येक लग्नात मठ्ठा वाढणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला असता. थंड पाणी लागलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हे खरं. पण आकसणं म्हणजे फुटणं नव्हे.

आता पडलेल्या माणसाचं. उष्माघातात अंगाच्या आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम झालेला असतो: माणूस बरळतो, झोकांड्या खातो, ओळखत नाही, आकडी येते, शुद्ध हरपते. अशा वेळी आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू अक्षरशः शिजत असतात. नुकसान किती होणार हे ताप किती वर गेला यापेक्षा तो किती वेळ वर राहिला यावर जास्त ठरतं. अमेरिकेत फाल्मथ इथे दर उन्हाळ्यात रस्त्यावरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताने पडलेल्या २७४ धावपटूंना जागच्या जागी थंड पाण्याच्या टबात बुडवलं गेलं. त्यांचं आतलं तापमान सरासरी ४१ च्या वर होतं. २७४ पैकी २७४ वाचले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेशातल्या भाषेत बोलायचं तर २७४ जणांच्या नसा फुटायला हव्या होत्या, एकाचीही फुटली नाही. अशा रुग्णाला पडल्यापासून ३० मिनिटांच्या आत ४० च्या खाली आणावं, हा क्रीडावैद्यकाचा नियम आहे. संदेश नेमकी तीच ३० मिनिटं हातावर हात धरून बसायला सांगतो.

गावाकडे हे कसं करायचं? १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईस्तोवर थंड करत राहायचं. आधी थंड करणं, मग नेणं. हा क्रम उलटा केला की तापलेल्या जीपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतचे पंधरा किलोमीटर माणूस आणखी शिजतो. त्याला निंबाखाली, गोठ्यात, जिथे सावली असेल तिथे घ्या. चप्पल-बूट, बेल्ट, जाड कपडे काढा. विहिरीवरची मोटर चालू करा, पण पाइप उन्हात पडलेला असेल तर पहिलं पाणी चटका देणारं येतं. ते जमिनीवर सोडा, हाताला थंड लागलं की मगच अंगावर. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारचं पाणीही असंच तापलेलं असतं. विहिरीचं पाणी २६-२८ अंशांचं असलं तरी ४१ अंशांच्या अंगाला ते पुष्कळ थंड आहे, बर्फाची वाट पाहत बसू नका.

जनावरांच्या पाण्याचा हौद भरलेला असेल तर धडधाकट तरुण मजुराला गळ्यापर्यंत त्यात बसवा. एकाने मागून काखेत हात घालून डोकं पाण्यावर धरून ठेवायचं, सोडायचं नाही. हौद नसेल तर ताडपत्री आहे, ती प्रत्येक शेतात असते. त्याला ताडपत्रीवर झोपवून चौघांनी चार कडा उचलून धरायच्या, खोलगट झोळी होते. तिच्यात पाच-सहा बादल्या पाणी ओतायचं आणि ते हलवत राहायचं, कारण अंगालगतचं पाणी लगेच कोमट होतं. पाणी कमी असेल तर दुपट्टा, धोतर, लुगडं, जे मिळेल ते भिजवून अंगावर टाका आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा भिजवा. वर सुपाने, पुठ्ठ्याने वारा घाला. ओलं कापड गुंडाळून तसंच ठेवलं तर ते गरम होऊन पांघरुणासारखं काम करतं, ही चूक सर्रास होते. बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून काखेत, जांघेत आणि मानेच्या दोन्ही बाजूंना.

फवारणीचा पंप मात्र हाताशी असला तरी वापरू नका. दोनदा धुतलेल्या टाकीतही औषधाचा अंश राहतो आणि तापलेली, घामेजलेली कातडी तो पटकन शोषते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय केलं ते या भागाला वेगळं सांगायला नको.

बेशुद्धाच्या किंवा बरळणाऱ्याच्या तोंडात पाणी, सरबत, काही घालायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. ओकारी आली तर कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका. हा जंतूंचा ताप नव्हे, त्या गोळीने तो उतरत नाही आणि आधीच पोळलेल्या यकृतावर भार पडतो. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, विशेषतः पाणी टाकल्यावर. तो खराखुरा आकडा दाखवत नाही. माणूस नीट बोलायला लागला किंवा हुडहुडी भरली की थंड करणं थांबवा.

संदेशाच्या या सल्ल्यात अर्धं सत्य आहे ते नाइलाजाने मान्य करतो. म्हाताऱ्या माणसाला, हृदयविकार असणाऱ्याला एकदम गार पाण्यात बुडवणं धोक्याचं ठरू शकतं. त्यांना साधं पाणी शिंपडून वारा घालणंच बरं. आणि तापून आल्यावर बर्फाचं पाणी गटागटा प्यायल्याने कोणाचं पोट आवळतं, कोणाचं डोकं ठणकतं. माठाचं पाणी घोटाघोटाने प्या, एवढाच त्याचा अर्थ. अर्धा तास तहानलेलं बसा असा नव्हे.

घामाचा मुद्दाही तितकाच घातक. घाम आटतो तो बहुतेक घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या, आजारी माणसांचा. पऱ्हाटी उपटणारा, वीटभट्टीवरचा, भर उन्हात ट्रॅक्टरवर गोण्या चढवणारा जवान माणूस घामाने निथळत असतानाच उष्माघाताने कोसळू शकतो. घाम बघू नका, त्याला त्याचं नाव, वार, गाव विचारा. उत्तर वेडंवाकडं आलं की पाणी ओता.

‘आपल्याला सवय आहे’ हे अर्धवट बरोबर आहे म्हणूनच जास्त फसवं. उन्हाची सवय शरीराला लागते, पण रोज थोडं थोडं उन्हात काम करून, आणि त्याला एक ते दोन आठवडे लागतात. काम सुटलं की काही आठवड्यांत ती जाते. जन्म अकोल्याचा असला म्हणून ती रक्तात राहत नाही. पुण्याहून लग्नाला आलेला मुलगा, तापातून उठलेला गडी, हंगामात पहिल्यांदा तेंदूपत्त्याला निघालेली बाई, यांना सवय नसते. नवख्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्शाइतकंच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, असा नियम आहे. दुसरं म्हणजे सवय झालेल्या माणसाला घाम जास्त येतो, लवकर येतो. त्याला पाणी कमी नाही, जास्त लागतं: दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, तासाला पाऊण ते एक लिटर. पण तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी ढोसू नये, रक्तातलं मीठ उतरतं. ताक, मीठ घातलेलं पन्हं, ज्वारीची आंबील चांगली. घरी करायचं तर लिटरभर पाण्याला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ओआरएसची मोठी पुडी लिटरभर पाण्याची असते. ती एका पेल्यात कालवली तर उलटा अपाय होतो.

आणि ४५ ची सवय असली तरी ३८ चं काय? १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात भर दुपारी उघड्या मैदानात लोक बसले होते. पारा ३८ च्या आसपास होता. १४ जण गेले. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. आपल्याकडे हीच गत जूनमध्ये पहिल्या सरींनंतर होते, आणि नेमकी तेव्हाच पेरणीची घाई असते. हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करतं ते कमाल तापमान ४० किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल तेव्हा, किंवा पारा थेट ४५ ला गेला तर. ४७ ला तीव्र लाट. मे महिन्यात आपली सरासरीच ४२-४३ असते. त्यामुळे आठवडाभर ४४ राहिलं तरी कागदावर लाट नसते. टिनाच्या छपराखाली खाटेवर पडलेल्या म्हातारीला त्या कागदाचा काही उपयोग नाही; तिला रात्री गार न होणारं घरच दोन-चार दिवसांत संपवतं.

इक्विनॉक्स? तो २०-२१ मार्चला होऊन गेला, आणि तेव्हा सूर्य विषुववृत्तावर असतो. नागपूरच्या डोक्यावर तो येतो २६ मेच्या सुमारास. पाच दिवसांच्या ‘घटने’चा आणि त्याचा काडीचा संबंध नाही.

लपवलेल्या तापमानाबद्दल: ३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली. ते यंत्र बिघडलेलं निघालं, तसं हवामान खात्याने सांगितलं. नागपूरचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा ४७.९. खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. मोटरसायकलच्या टाकीवर ठेवलेला मोबाईल किंवा उन्हात धरलेला थर्मामीटर स्वतःच किती तापला एवढंच सांगतो. हां, डांबरी रस्त्यावर किंवा काळ्या ढेकळांत उभ्या माणसाला सावलीतल्या आकड्यापेक्षा जास्तच भोगावं लागतं, ते खरं. पण त्याला लपवाछपवी म्हणत नाहीत.

कांदा खिशात ठेवून काही होत नाही. खा. मेणबत्ती साधारण ५० अंशांच्या पुढे वितळते. घरात ती वितळेपर्यंत थांबलात तर सांगायला कोणी उरणार नाही.

राहिली बादली. भरून ठेवलेल्या बादलीने खोली थंड होत नाही. पाणी पसरून वाऱ्यात वाळलं पाहिजे. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचं तापमान २४ पर्यंत उतरू शकतं, म्हणून मे महिन्यात कूलर २८-३० ची हवा देतो. त्यासाठी तो खिडकीत, पाठ बाहेर करून बसवायचा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची. बंद खोलीत मधोमध ठेवला तर तासाभरात खोली दमट होते आणि थंडावा संपतो. पाणी भरण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) बसवलेलं असतं, तेव्हा ते बंद असूनही कूलरच्या वायरीत वीज असते. वायरीचं आवरण फाटलेलं किंवा मोटर ओली असेल तर ती वीज थेट पत्र्यात उतरते, आणि भरणारा ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. दोन पिनचा प्लग बदलून तीन पिनचा लावा, आणि तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग जोडलंय का हे वायरमनकडून तपासून घ्या.