गाडीतलं ऑटो-लॉक मी उपटून काढलं

जपानहून आलेल्या माझ्या जुन्या, दोन दारांच्या कूपेत नवीन माणूस बसला की पाच मिनिटांत प्रश्न येतोच, "हिला ऑटो-लॉक नाही?" नाही. होतं, मी काढलं.

कारखान्यातून ते आलंच नव्हतं. आधीच्या मालकाने बाजारातला कुठलासा किट डॅशबोर्डखाली चिकटवला होता. काडेपेटीएवढी डबी, त्यावर जपानी अक्षरं आणि चार बारीक खटके. वीसच्या पुढे वेग गेला की दारं खटकन बंद, इग्निशन बंद केलं की उघडी. ऐकायला छान. पण या डबीला वेग कळतो कसा? स्पीड सेन्सरच्या तारेतून येणारे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजून. वेग दाखवणाऱ्या मीटरच्या केबलच्या एका फेऱ्याला कुठे ४ पल्स, कुठे २, कुठे ८ नाहीतर १६, आणि ते खटके त्यासाठीच. २ पल्सच्या गाडीत खटका ४ वर राहिला तर डबीला वेग निम्माच दिसतो आणि कुलूप वीसऐवजी चाळीसला लागतं. त्यात जपानी बाजारातल्या बहुतेक गाड्यांना ताशी १८० किलोमीटरच्या पुढे जाऊ न देणारा लगाम असतो. तो चुकवायलाही लोक याच तारेत आणखी एक डबी घुसवतात. बिचारी तार!

आता गॅरेजची गोष्ट. मागून घूंऽऽ आवाज येत होता, म्हणून गाडी लिफ्टवर फूटभर उचलली. मेकॅनिकने आत बसून तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला आणि चाकं हवेत फिरत ठेवून तो आवाज ऐकायला बाहेर आला. दार लावलं मात्र, खट्! डबीच्या दृष्टीने गाडी रस्त्यावर धावत होती. इंजिन चालू, चाकं गरगरताहेत, किल्ली आत आणि आम्ही दोघं बाहेर. दुसरी किल्ली? आयात गाडीबरोबर मला एकच मिळाली होती. शेवटी वाचवलं ते बिनफ्रेमच्या, म्हणजे भोवती दाराची चौकट नसलेल्या, काचेने. प्लॅस्टिकची पट्टी सारून काच बोटभर बाहेर ओढली आणि तारेच्या आकड्याने लॉकची खुंटी वर उचलली. तेवढ्या वेळात मेकॅनिकने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

टर्बो टायमरची गंमत वेगळीच. त्याच्यामुळे किल्ली काढली तरी टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) थंड होईपर्यंत इंजिन चालू राहतं. डबीला वाटतं इग्निशन चालूच आहे, म्हणून ती दारं सोडत नाही. प्रवासी हँडल ओढत बसतो आणि माझ्याकडे संशयाने बघतो.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. कुलूप लावलं की दार जास्त घट्ट बसतं, असं अनेकांना वाटतं. दार धरून ठेवतो तो लॅच, म्हणजे दाराच्या कडेतला आकडा. कुलूप फक्त हँडल आणि लॅच यांचा संबंध तोडतं. गाडी उलटताना हँडल ओढलं जाऊन दार उघडू नये, एवढा फायदा त्यात नक्की आहे. पण तेच कुलूप बाहेरून मदतीला आलेल्या माणसालाही अडवतं. म्हणून नव्या गाड्यांत धडक बसली की एअरबॅगचा कॉम्प्युटर दारं सोडायला सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या ९४ क्रमांकाच्या नियमात, समोरून धडकेच्या चाचणीनंतर आसनांच्या प्रत्येक रांगेचं निदान एक दार हत्याराशिवाय उघडलं पाहिजे, अशी अट आहे (रांगेला दार असेल तर, अर्थात. आमच्या कूपेत मागच्यांनी पुढची सीट वाकवूनच निघायचं).

माझ्या डबीला एअरबॅगची तार नव्हतीच. तिला बंद करायचं कळत होतं, धडक कळत नव्हती. कारखान्याने पूर्ण विचार करून दिलेलं ऑटो-लॉक असेल तर खुशाल वापरा, माझं काही म्हणणं नाही. जुन्या गाडीत वरून जोडलेलं असेल तर डॅशबोर्डखाली एकदा वाकून बघा, त्यात किती तारा आहेत आणि कुठे जातात.

मी आता निघताना कोपराने खुंटी दाबतो. कधी विसरतोही. डबी ड्रॉवरमध्ये पडून आहे, कोणाला हवी असेल तर मागू नका, देणार नाही.