टेराहर्ट्झ प्रतिमेतला ‘हरवलेला’ तपशील खरोखर परत येतो का?

‘टेराहर्ट्झ प्रतिमा कितीही धूसर असली तरी डीप लर्निंग तिच्यातला हरवलेला तपशील परत आणते, तरंगलांबीची मर्यादा आता उरली नाही आणि महागडी उपकरणेही नकोत,’ असा दावा सध्या सर्रास केला जातो. टेराहर्ट्झ लहरी म्हणजे सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधल्या लहरी, आणि डीप लर्निंग म्हणजे असंख्य उदाहरणांवरून (‘प्रशिक्षणातून’) शिकणारे संगणकीय ‘नेटवर्क’.

‘परत आणते’ हे शब्दच दिशाभूल करतात. १ टेराहर्ट्झच्या लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर असते, आणि भिंगाने ती कितीही नेटकी एकवटली तरी विवर्तनामुळे, म्हणजे लहरींच्या पसरण्याच्या गुणामुळे, तिचा ठिपका साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या खाली जात नाही. प्लास्टिकच्या पट्टीत ०.०५ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक छिद्रे असतील, तर प्रतिमेत एकच डाग उमटतो. त्या जागी किंचित मोठे एकच छिद्र असते तरी जवळजवळ तसाच डाग उमटला असता, आणि जो काही फरक पडतो तो मोजमापातल्या गोंगाटात, म्हणजे यादृच्छिक चढउतारांत, बुडून जातो. अशा वेळी प्रशिक्षणात जे अधिक वेळा पाहिले, तेच नेटवर्क रेखाटते. तो तपशील नमुन्यातून आलेलाच नसतो. २०२० मध्ये अस्पष्ट चेहरे रेखीव करणाऱ्या ‘पल्स’ या डीप लर्निंग प्रणालीने बराक ओबामांच्या अस्पष्ट छायाचित्रातून एका गोऱ्या माणसाचा रेखीव चेहरा तयार केला होता, तो याच कारणाने.

‘चाचणीत गुण उत्तम मिळतात’ हे खरे आहे, परंतु पुष्कळदा चाचणीच्या प्रतिमाही प्रशिक्षणातल्या प्रतिमांप्रमाणेच, स्वच्छ चित्रे संगणकावर त्याच सूत्राने धूसर करून बनवलेल्या असतात. प्रत्यक्षात कमी वारंवारतेला ठिपका पसरतो, जास्त वारंवारतेला आवळतो, आणि नमुना केंद्रापासून जरा सरकला की धूसरपणाची जातच बदलते. त्यामुळे चाचणीतले गुण प्रत्यक्ष नमुन्यांवर टिकतीलच असे नाही.

उपकरणांचे म्हणाल, तर तरंगलांबीहून कितीतरी बारीक टोक नमुन्याच्या अगदी जवळ नेणारी निकटक्षेत्र पद्धत जी माहिती मिळवते, ती दूरच्या भिंगापर्यंत पोहोचतच नाही; म्हणून नेटवर्क त्या उपकरणाची जागा घेऊ शकत नाही.

गोंगाट कमी करणे, ठाऊक असलेला धूसरपणा काढणे, बिंदूबिंदूने चालणारे स्कॅनिंग लवकर उरकणे, ही कामे नेटवर्क उत्तम करते आणि ती मोलाची आहेत. पण २००३ च्या ‘कोलंबिया’ अंतराळयानाच्या दुर्घटनेनंतर ‘नासा’ने यानाच्या बाह्य इंधन टाकीवरच्या फोममधल्या पोकळ्या शोधण्यासाठी टेराहर्ट्झ तपासणी वापरली, हे विसरून चालणार नाही. तिथे शोधायचा असतो तो क्वचित आढळणारा दोष, म्हणजे प्रशिक्षणात नेमका ज्याचा तुटवडा असतो तोच. म्हणून सुधारलेल्या प्रतिमेशेजारी मूळ मोजमाप ठेवलेच पाहिजे, आणि ज्या रेषेला त्या मोजमापात आधार नाही तिच्या भरवशावर कोणताही भाग निर्दोष ठरवता कामा नये.