दोन मिनिटं बोलून दाखवा

साल्झबुर्ग सोडलं की थोड्याच वेळात गाडी एक नदी ओलांडते आणि फ्राइलासिंग येतं. ऑस्ट्रिया संपला, जर्मनी सुरू झाला. जानेवारीत मी सुट्टीवरून जर्मनीतल्या घरी परतत होते. फ्राइलासिंगला दोन पोलीस डब्यात चढले. माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यांनी अकरा माणसं ओलांडली. बसल्या बसल्या मी मोजली. थांबले ते माझ्यापाशी, आणि माझ्यानंतर दाराजवळ उभ्या असलेल्या एका आफ्रिकी मुलापाशी. बोलणं अगदी अदबीचं. पासपोर्ट पाहिला, निवासाचं कार्ड पाहिलं, परत दिलं, प्रवासाला शुभेच्छाही दिल्या. तक्रार करावी असं त्यात काहीच नव्हतं. फक्त त्या दोन मिनिटांत अख्खा डबा माझ्याकडे बघत होता.

गाडी हलली आणि फोन वाजला. घरच्या ग्रुपवर दादाचा मेसेज. त्याच्या पुण्यातल्या सोसायटीनं ठरवलंय की यापुढे कामवाल्या बायका, गवंडी, रंगारी, सगळ्यांचा फोटो आणि आधारची प्रत गेटवरच्या ॲपमध्ये जाणार. जे बंगाली बोलतात त्यांची पोलीस पडताळणी वेगळी. वर एक बातमीही जोडलेली: बोलण्याच्या ढंगावरून बांगलादेशी ओळखणारं एआयचं साधन महाराष्ट्रात बनवायचं चाललंय म्हणे. खाली दादाचं वाक्य, ‘कर नाही त्याला डर कशाला? आणि तुमच्या जर्मनीत नाही का सगळ्यांचं रेकॉर्ड?’

दुसऱ्या वाक्याशी मला भांडता येत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. दादा बरोबर आहे. इथं घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन नवा पत्ता नोंदवावा लागतो, जर्मन असो की परका. भारतात अशी सक्ती नाही. आणि मी ती नोंद निमूटपणे करते, एकदाही कपाळाला आठी न घालता.

गंमत म्हणजे हेच लोक १९८३ साली जनगणनेवरून रस्त्यावर उतरले होते. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत एप्रिलमध्ये गणना व्हायची होती. लोकांनी बहिष्काराची हाक दिली, प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं, गणना थांबली, आणि १५ डिसेंबरला निकाल आला: आपली माहिती कोणाला द्यायची, कशासाठी द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार माणसाच्या प्रतिष्ठेचाच भाग आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं २०१७ मध्ये सांगितलं. त्या निकालावर आजही कॉलेजातली पोरं वाद घालतात. इथं चाळीस वर्षांत तो निकाल रक्तात भिनलाय. माझी शेजारीण दुकानात कार्डानं पैसे देत नाही, आपण कुठलं चीज खातो ते बँकेला कशाला कळायला हवं म्हणून. ती पूर्वीच्या पूर्व जर्मनीतली, लाइपझिगकडची. तिकडच्या गुप्त पोलिसांनी, श्टाझीनं, मागे ठेवलेल्या फायली एकापुढे एक लावल्या तर १११ किलोमीटर भरतात. तिच्या वडिलांचीही एक फाइल त्यात निघाली. तेव्हा चीजवर मी हसत नाही.

पण या शेजारणीला एक गोष्ट ठाऊकच नव्हती. परक्यांसाठी या देशात एक वेगळं रजिस्टर आहे. परदेशी नागरिकांची केंद्रीय नोंदवही, १९५३ पासूनची. जर्मन माणसांचे पत्ते त्या त्या गावच्या कचेरीत विखुरलेले असतात, आणि ते एका जागी आणायचं नुसतं नाव काढलं तरी वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात. आमचं मात्र सगळं एका ठिकाणी: कधी आलो, कुठला व्हिसा, कुठला परवाना, कोणत्या कचेरीनं काय ठरवलं. पोलिसांपासून नोकरीच्या कचेरीपर्यंत हजारो सरकारी टेबलांवरून त्यात डोकावता येतं. जर्मनीत राहणारा एक ऑस्ट्रियन गृहस्थ यावर भडकला. जर्मनांची अशी वही नाही तर माझी का, म्हणून भांडत तो लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २००८ मध्ये न्यायालयानं म्हटलं की गुन्हेगारीला आळा घालायच्या नावाखाली फक्त परक्या युरोपीयांची माहिती अशी वापरणं हा भेदभाव आहे. छान झालं. पण तो निकाल युरोपीय संघाच्या नागरिकांपुरता. निपाणीहून आलेल्या माझ्यासारख्या बाईला त्याचा उपयोग नाही.

मी माझी नोंद मागवली होती. अर्ज केला की कळवतात, फुकट. पोस्टानं चार कागद आले. चूक एकही नव्हती. माझा दहा वर्षांपूर्वीचा, गोंधळलेल्या चेहऱ्याचा फोटोसुद्धा होता. मी ते कागद पुन्हा पाकिटात घालून कपाटात ठेवले, आणि अजून ते पाकीट नेमकं कुठल्या खणात आहे ते मला न बघता सांगता येतं.

आता दादाच्या बातमीतल्या यंत्राविषयी. जर्मनीकडे ते आधीपासून आहे.

मी न्यूरेंबर्गला राहते. निर्वासित आणि स्थलांतरितांचं केंद्रीय कार्यालय याच गावात. इमारत प्रचंड, दगडी, आणि तिचा इतिहास गावात सगळ्यांना माहीत असतो: नाझी काळात हिटलरच्या एसएस दलाची ही छावणी होती, युद्धानंतर अमेरिकन फौजेनं वापरली, आणि नंतर तिच्यात आश्रय मागणाऱ्यांच्या फायली आल्या. या कार्यालयानं २०१७ पासून बोली ओळखणारं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. आश्रय मागायला आलेल्या माणसापाशी कागदपत्रं नसतील तर त्याच्या हातात टेलिफोन देतात, समोर एक चित्र ठेवतात, आणि सांगतात, दोन मिनिटं या चित्राबद्दल तुमच्या भाषेत बोला. यंत्र ऐकतं आणि टक्केवारी काढतं: सीरियाकडची अरबी इतके टक्के, इजिप्तची इतके, मगरिबातली, म्हणजे मोरोक्कोच्या बाजूची, इतके. निर्णय माणूसच घेतो, हा आकडा फक्त एक खूण म्हणून धरायचा, असं कार्यालय सांगतं. चुकीचं प्रमाण अरबी बोलींसाठी सुमारे १५ टक्के, असं मधल्या काळात सरकारनंच संसदेला कळवलं होतं.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, दवाखान्यांत लागणाऱ्या यंत्रांचं. शंभरात पंधरा चुका हे वाक्य आमच्या मीटिंगमध्ये कोणी उच्चारलं तर खोलीत शांतता पसरेल. पण मला जास्त खुपतं ते दुसरंच. त्या पंधरांपैकी एकालाही आपण चुकीच्या खणात पडलोय हे कळायचा मार्ग सोपा नसतो. समोरच्या अधिकाऱ्यापुढे कागदावर आकडा असतो, आणि आकड्यापुढे घाबरलेला माणूस. अधिकाऱ्याला दिवसात आणखी चार जणांना बघायचं असतं. अशा वेळी ‘फक्त खूण’ किती वेळ फक्त खूण राहते?

आणि अरबीचं निदान असं की मोरोक्को आणि सीरिया यांच्यात हजारो मैल आहेत. बंगालीचं काय? पश्चिम बंगालचं मुर्शिदाबाद आणि बांगलादेशातलं राजशाही यांच्यामध्ये एक पद्मा नदी. अलीकडची बाई आणि पलीकडची बाई एकाच चालीत पोराला रागावत असणार. आपणच म्हणतो ना, बारा कोसांवर भाषा बदलते. पण ती कोस मोजून बदलते, सीमेवरचा खांब बघून नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई-ठाण्याकडून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशात ढकलले गेले आणि भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. तेव्हा यंत्र नव्हतं, माणसांचेच कान होते. यंत्र याहून चांगलं ऐकेल असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कोणाच्या कानांवरून शिकणार आहे याचा विचार करावा.

दादाला मी हे सगळं लिहिलं नाही. फोन केला. तो म्हणाला, ‘तुला काय जातंय बोलायला. तुमच्याकडे चाकूहल्ले झाले तेव्हा तुम्हीच घाबरला होतात.’

घाबरले होते. २३ ऑगस्ट २०२४ ला सोलिंगेनला गावच्या उत्सवात एका सीरियन माणसानं चाकूनं तिघांना मारलं, आठ जखमी झाले. त्यानंतरच्या शनिवारी मी बाजारात जायचं टाळलं, आणि दोन्ही कारणांनी: चाकूची भीती, आणि माझ्याकडे कोण कसं बघेल याची. महिनाभराच्या आत, १६ सप्टेंबरला, जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. ऑस्ट्रियाच्या बाजूला ती २०१५ पासून ‘तात्पुरती’ म्हणून होतीच, सहा सहा महिन्यांची मुदत वाढवत. ‘तात्पुरती’ या शब्दाचा एवढा ताणलेला अर्थ मी फक्त आपल्याकडच्या तात्पुरत्या पुलांच्या बाबतीत पाहिलाय. पण सोलिंगेनचा तो माणूस सीमेवर पकडला जाणारच नव्हता. तो २०२२ पासून देशात होता. त्याची फाइल होती, बोटांचे ठसे होते, त्याला बल्गेरियाला परत पाठवायचा आदेश होता. न्यायला गेले त्या दिवशी तो निवासावर सापडला नाही. पुन्हा कोणी गेलं नाही, मुदत संपली. सरकारला सगळं माहीत होतं. जे करायचं ते कोणी केलं नाही. मग उपाय काय निघाला? तर आणखी माहिती गोळा करा, आणि फ्राइलासिंगला अकरा माणसं ओलांडून बाराव्या बाईचं कार्ड बघा.

एक मात्र इथल्या लोकांचं मानते. ऑस्ट्रियाहून येताना असाच रेल्वेत तपासला गेलेला एक कायद्याचा अभ्यासक कोर्टात गेला. बव्हेरियाच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये सांगितलं की २०२२ ची ती तपासणी बेकायदा होती. आश्रय मागणाऱ्यांचे मोबाइल सरसकट उघडून वाचायच्या पद्धतीलाही लाइपझिगच्या न्यायालयानं २०२३ मध्ये चाप लावला. ती याचिका एका अफगाण बाईची. पासपोर्ट नसलेली, परकी बाई सरकारविरुद्ध जिंकते, याचं मला अप्रूप वाटतं. हेही खरं की निकालानंतरही माझ्या डब्यात पोलीस चढतातच. आणि आपली घटनाही या बाबतीत कोती नाही. कलम २१ मध्ये ‘नागरिक’ शब्द नाही, ‘व्यक्ती’ आहे. भाषणाचं, सभेचं स्वातंत्र्य नागरिकाला, पण जीव आणि व्यक्तिस्वातंत्र्य ज्याला त्याला, कागद असोत नसोत. हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘ते पुस्तकात.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात आई आली होती. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या दारात नवी यंत्रणा सुरू झालीय: बाहेरून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याच्या पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहरा आणि चार बोटं नोंदवतात. आईनं तीस वर्षं निपाणीत विड्या वळल्या. तिच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजल्यात, रेशनच्या दुकानातही मशीन तिला चार-चार वेळा नाकारतं. इथं काचेवर बोटं ठेवली, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवली, लाल. तिसऱ्यांदा ती माझ्या दिशेनं बघून हसली, कारण आता काय होतं ते तिला पाठ होतं. कर्मचाऱ्यानं क्रीम दिलं, ते चोळल्यावर एकदाचा हिरवा लागला. ‘सगळीकडं आमचंच बोट वाकडं,’ आई म्हणाली.

याच आईचा मुलगा दादा. एकोणीसशे पंचाण्णवला तो पुण्यात कॉलेजला आला तेव्हा त्याचं ‘काय करालाईस’ ऐकून होस्टेलवर त्याला ‘कानडी’ म्हणायचे. त्याचा जीव जळायचा. आमच्या घरात सीमालढ्याचे जुने झेंडे, आजोबा महाराष्ट्रात जायच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले, आणि पुण्याच्या पोरांनी दोन वाक्यांत आम्हाला नकाशाच्या पलीकडे टाकलं. सहा महिन्यांत त्यानं भाषा बदलली. आता तो इतका पुणेरी बोलतो की आईला फोनवर आधी ‘कोण बोलतंय?’ म्हणावं लागतं.

त्या रात्री मी ग्रुपवर एक फोटो टाकला, निपाणीच्या आठवडी बाजाराचा, आणि लिहिलं: दादा, दोन मिनिटं या चित्राबद्दल बोलून पाठव, शुद्ध नको, घरचं बोल. मला वाटलं होतं तो चिडेल. अर्ध्या तासानं व्हॉइस नोट आली. पहिली दहा सेकंदं पुणेरी, मग वांग्याच्या ढिगावर येता येता ‘ही बाई कशी बसलीया बघ’ आलं, आणि मग थांबेचना. आईनं तीनदा ऐकली.

त्यावर त्याच्या मुलीचा, पुण्यातल्या वाकडला जन्मलेल्या अठरा वर्षांच्या पोरीचा, मेसेज आला: ‘हे कोण अंकल? सोलापूरचे का?’