कळसूबाईची शेवटची शिडी आणि मागे फिरवणारा माणूस

मी कळसूबाईला दोनदा गेले. पहिल्यांदा शिखरावर पोचले, दुसऱ्यांदा शेवटच्या शिडीच्या खालून परत आले. कुठला ट्रेक चांगला झाला असं कुणी विचारलं तर मी दुसरा सांगते, आणि का ते आज सविस्तर लिहितेय. पावसाळा लागला की आमच्या सोसायटीतल्या मैत्रिणी विचारतात, "एक दिवसाचा ट्रेक करायचाय गं, कुठल्या ग्रुपबरोबर जाऊ?" दोन ओळींत उत्तर देता येत नाही.

पहिला ट्रेक जुलै 2024 मधला. मी आणि माझी कॉलेजात जाणारी लेक. जाहिरातीत शिखरावरून दिसणारा केशरी सूर्योदय होता. जुलैत तो दिसत नाही हे मला तेव्हा उमगायला हवं होतं, पण आयुष्यातला पहिला ट्रेक होता, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. माणशी 1200 रुपये भरले. रात्री अकराला कल्याणच्या दुर्गाडी चौकात उभ्या राहिलो, बस सव्वाबाराला आली. दोन मिनी बस, मिळून 54 माणसं, आणि सोबत दोन लीड, म्हणजे ट्रेक नेणारी मुलं. दोघेही एकवीस-बावीस वर्षांचे.

त्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. एकाने माझ्या बुटाची सुटलेली लेस भर पावसात खाली बसून बांधून दिली. पण त्यांच्या हाती 54 माणसं सोपवणाऱ्या आयोजकाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती अजून गेलेली नाही.

पहाटे साडेतीनला बारी गावात उतरलो. अकोले तालुक्यातलं हे गाव म्हणजे शिखराचा पायथा. एका घराच्या पडवीत चहा झाला. ओट्यावर एक पन्नाशीचे मामा बसले होते. आमची तयारी बघून ते लीडला म्हणाले, "रातचं कशाला नेता? उजाडूद्या. वर वारं लई हाय, शिडीवर दाटी व्हईल." मुलगा नम्रपणे म्हणाला, "मामा, सहाला वर पोचायचंय." मामा गप्प बसले. त्या क्षणी ज्याला डोंगर कळत होता त्याच्या हातात काही नव्हतं. ज्याच्या हातात सगळं होतं त्याच्याकडे फक्त वेळापत्रक होतं.

दाटी झालीच. त्या रात्री आमच्यासारखे कितीतरी ग्रुप आले होते. कळसूबाईच्या वाटेवर जिथे उभा कातळ आहे तिथे लोखंडी शिड्या बसवल्यात. शिडी भक्कम आहे, कठडे आहेत, नीट चढलं तर लहान मूलही चढतं. पण वरचे खाली येताहेत, खालचे वर चढताहेत, पायऱ्या ओल्या, चिखलाच्या, आणि वारा असा की पोंचो तोंडावर गुंडाळला जातोय, अशा वेळी तीच शिडी वेगळी होते. एका जागी आम्ही तासभर ताटकळलो. वर पोचलो तेव्हा देवीचं छोटंसं देऊळ आणि पुढे पांढरा भिंतीसारखा ढग. लोक फोटोसाठी रांगेत. पाच मिनिटांत "चला, पुढच्या बॅचला जागा द्या" सुरू झालं. पाया पडायलाही धड मिळालं नाही.

उतरताना माझ्या पुढची बाई शेवटच्या शिडीच्या मध्यावर थिजली. माझ्याच वयाची असेल. दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पाय उचलेना. वरून लोक ओरडायला लागले, "अहो मॅडम, चला ना!" आमचे दोन्ही लीड कुठे होते? एक पार पुढे, एक पार मागे, कारण 54 माणसांची दोन टोकं सांभाळायची तर दुसरं काय करणार.

खालच्या विहिरीजवळ प्लास्टिकच्या आडोशाला चहा विकणारा एक गडी वर चढून आला. त्याने तिला आधी पाठ फिरवायला लावली. "ताई, तोंड डोंगराकडं करा. खाली बघायचं न्हाई. माझ्या हाताकडं बघा." मग तिची टाच तळव्यात धरून एका पायरीवर टेकवली. मग दुसरी टाच. मग पुन्हा पहिली. मी वर उभी राहून त्याचा हात बघत होते. आवणीचे दिवस होते. चिखलात भाताची रोपं लावून बोटं पांढरीफटक पडलेली, सुरकुतलेली, नखांत काळी माती. त्या हाताने त्याने एका परक्या बाईला एक एक पायरी करत खाली आणलं. खाली आल्यावर तिने त्याच्याकडे चहा घेतला, त्याचे वीस रुपये झाले. 1200 रुपयांच्या त्या पॅकेजात या माणसाचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्या सबंध दिवसात खरा गाईड असा मला तेवढा एकच भेटला.

दिवस तिथे संपला नाही. संध्याकाळी परत निघालो. आमचा ड्रायव्हर आदल्या रात्रभर गाडी चालवत होता. दिवसा बसमध्येच सीटवर आडवा झाला असेल, पण बॅग घ्यायला, कपडे बदलायला लोक सारखे आत-बाहेर करत होते. कसारा घाटात धुकं. मी पुढच्याच सीटवर होते. तो खिडकी उघडून बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारत होता. मी शहापूरपर्यंत त्याच्याशी बोलत बसले, गाव कुठलं, मुलं किती, काहीही, फक्त त्याने जागं राहावं म्हणून. मागे सगळे गाढ झोपले होते. माझी लेकही.

डोंगरातल्या अपघातांबद्दल आपण बोलतो, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरवतो. रात्रभर गाडी चालवून न झोपलेला ड्रायव्हर सायंकाळी पुन्हा तोच घाट उतरतो, याबद्दल कुणी का बोलत नाही? "एक दिवसाचा ट्रेक" म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा एक रात्र आणि एक दिवस असतो, आणि त्या रात्रीची किंमत ड्रायव्हर मोजतो. मुक्कामाचा खर्च वाचवायचा, सोमवारी ऑफिस गाठायचं, एवढ्यासाठी हे चालतं. पूर्वी रात्री निघाल्याशिवाय मुंबईहून कळसूबाई एका दिवसात उरकत नाही असं म्हणायचे. आता तेही कारण उरलेलं नाही. 5 जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झालाय. कसारा घाट चढायचा नाही, जवळजवळ 8 किलोमीटरचा बोगदा पार केला की इगतपुरी. आम्ही डोंबिवलीकर पहाटे पाचला निघून उजेडात बारीत पोचतो. रात्रीच्या प्रवासाची गरज संपली आहे, सवय तेवढी राहिली आहे.

आम्ही तसंच गेलो, सप्टेंबर 2025 मध्ये. सहा जणी, एक गाडी. ड्रायव्हरदादाला आदल्या रात्री घरी लवकर झोपा म्हणून मुद्दाम फोन केला होता. बारीत त्याच पडवीत जाऊन त्या ओट्यावरच्या मामांना शोधलं आणि सांगितलं, मामा, आज तुम्ही आम्हाला न्यायचं. किती घेणार? ते संकोचले. आम्हीच आठशे ठरवले, आणि आज वाटतं तेही कमीच होते.

आठ वाजता निघालो. उतारभर सोनकी पिवळीधमक फुललेली, ओढ्याकाठी तेरडा. मामांनी आम्हाला कुठेही पळवलं नाही. जिथे दम लागला तिथे ते स्वतःच थांबायचे आणि काहीतरी दाखवायचे. हे नागलीचं शेत, ही वरई. समोर ओळीत अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. पलीकडे ते भंडारदऱ्याचं पाणी, प्रवरेवरचं इंग्रजांच्या काळातलं धरण. आणि देवीची गोष्ट सांगितली त्यांनी. कळसू नावाची कोळ्याची पोर इंदोरे गावच्या पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, बाकी सांगाल ते करीन. एक दिवस घरी पाहुणे आले आणि पाटलाने तिला नेमकी तीच कामं लावली. ती रागावून निघाली आणि या डोंगरावर येऊन राहिली, ती राहिलीच. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. माझी लेक ऐकता ऐकता वाटेतच थांबली. "आई, म्हणजे पाटलाने कामाची अट मोडली म्हणून तिने नोकरी सोडली?" मामा हसले, म्हणाले, "तसंच की."

गेल्या वर्षी याच वाटेवरून आम्ही दोघी अंधारात, पुढच्याच्या टाचेवर टॉर्च मारत गेलो होतो. या डोंगरावर एका मुलीची गोष्ट आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

विहिरीपाशी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. शेवटची शिडी समोर. ऊन होतं. मामा मात्र उभे राहून भंडारदऱ्याच्या बाजूला बघत होते. तिकडे ढगाचा काळा गठ्ठा उभा राहत होता आणि आम्हाला कुणालाही ऐकू न आलेला गडगडाट त्यांना ऐकू आला. "ताई, आता वर नको. वारं फिरलंय. अशा टायमाला लोखंडाला हात लावायचा न्हाई." परतीच्या पावसात दुपारी वीज पडते आणि समोरची शिडी सबंध लोखंडाची, वर उघडं शिखर. लेक हिरमुसली. अर्धा तास तर लागणार होता. दुसऱ्या एका ग्रुपची मुलं आमच्या शेजारून शिडी चढून गेली. मी मामांकडे पाहिलं. ते वाद घालत नव्हते, समजावतही नव्हते, काठी उचलून उतरायला लागले होते. आम्ही मागोमाग निघालो.

पाऊस आला नाही. वीजही पडली नाही. ढग पलीकडेच विरला.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण इथेच बहुतेकांना वाटेल की मग मामांचं चुकलं. चुकलं नाही. ज्या माणसाला मागे फिरायचा अधिकार आहे तो दहातल्या सात वेळा "उगाच" मागे फिरवेल. आपण त्याला पैसे द्यायचे ते त्यासाठीच. शिखर दाखवायला तो लागत नाही, वाट मळलेली आहे. आयोजकाला 54 माणसांना "आज नाही" म्हणणं परवडत नाही. त्याला परताव्याची भीती, वाईट रिव्ह्यूची भीती, पुढच्या शनिवारच्या बुकिंगची भीती. मामांना यातलं काहीच नव्हतं. त्यांना तो ढग माहीत होता.

उतरून गावातल्या एका मावशींच्या घरी जेवलो. नागलीची भाकरी, उडदाचं घुटं, भात, हिरव्या मिरचीचा ठेचा. बीजमाता राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. जुनी गावरान बियाणी जपली म्हणून 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या तालुक्यात येऊन आदल्या वर्षी आम्ही बसमधून आणलेली थंडगार सँडविचं खाल्ली होती, आणि मग पातळ पिठलं. जेवताना मी मावशींना विचारलं, मोठे ग्रुप येतात तेव्हा तुम्हाला काय सुटतं? नाश्ता-जेवण मिळून माणशी 160 म्हणाल्या. मी मनातल्या मनात हिशेब केला. आम्ही 54 जणांनी भरले होते 64,800. त्याच दराने गावाकडे जातात 8,640. बसचं भाडं, डिझेल, टोल, मुलांचं मानधन हे सगळं आहे, मान्य. तरीही त्यात गावातला एकसुद्धा वाटाड्या बसवता येत नाही, हे मला पटत नाही. मामांच्या आठशेच्या दराने 54 माणसांमागे चार वाटाडे घेतले असते तर माणशी साठ रुपयेसुद्धा वाढले नसते.

म्हणून मैत्रिणींना मी सांगते ते असं. ग्रुपबरोबर जरूर जा. एकटीदुकटीने जाण्यापेक्षा, पहिल्यांदा जाताना तर नक्कीच, सोबत हवी. कितीतरी बायका या ग्रुपमुळेच घराबाहेर पडल्या, त्यांत मीही आहे. पण पैसे भरण्याआधी फोन करून विचारा, बॅच कितीची आहे, गावातला वाटाड्या सोबत आहे का, आणि मागे फिरायचं कुणी ठरवायचं. ड्रायव्हर झोपणार कुठे, हेही विचाराच. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 साली आलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, तर नोंदणी आहे का तेही विचारा. उत्तर देताना जो चिडेल त्याच्याबरोबर जाऊ नका. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, 1986 पासून. तिथे रात्री तीनला स्पीकर लावून चढणाऱ्यांबरोबर तर अजिबातच नाही.

डिसेंबरात आम्ही परत जातोय. लेकीला ती शिडी चढायचीच आहे, आणि मामा म्हणालेत की थंडीत आकाश मोकळं असतं, पार हरिहर-ब्रह्मगिरीपर्यंत दिसेल. पहाटे पाचला डोंबिवलीहून निघायचं, खाण्याचं काही बरोबर आणायचं नाही, जेवण मावशींकडे. मामांचे या वेळी पंधराशे ठरवलेत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत.