जावयाची भिंत

जावई इतिहासवेडा निघाला तर सासूने काय करावं, हे लग्न ठरवताना कुणी सांगत नाही. आमचे जावई न्यूकॅसलला नोकरी करतात आणि शनिवार-रविवार रोमन सैन्यात असतात. इतरांच्या लेकी आईवडिलांना लंडन दाखवतात. आम्हाला उत्तर इंग्लंडातली हेड्रियनची भिंत.

रोमन सम्राट हेड्रियनने ती इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतली, म्हणून तिथल्या बसचा नंबरही एडी १२२. या कल्पकतेचं कौतुक करेपर्यंत बस निघून गेली, कारण जावई थांब्यावरचा माहितीफलक वाचत होते. भिंत ११७ किलोमीटर लांब. दर रोमन मैलाला एक चौकी, दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज, आणि जिथे म्हणून काही सापडलंय तिथे एक फलक. "आई, दमलात का?" "छे हो!" जावयाला याहून वेगळं उत्तर द्यायची आपल्यात रीत नाही, गुडघे काहीही म्हणोत.

हाउसस्टेड्सचा किल्ला रस्त्यापासून चांगलाच वर. तिथे मला सगळ्यात आवडलं ते सैनिकांचं शौचालय. ओळीने बैठका, मध्ये आडोसा नावालाही नाही. खालून पाणी कसं खेळवलं होतं, हे जावयांनी हातवारे करून समजावलं. सासूशी या विषयावर इतकं मोकळं बोलणारा आमच्या घराण्यातला हा पहिलाच.

एवढं चढून भिंत बघावी तर बहुतेक ठिकाणी कमरेएवढी. बाकीची आसपासच्या गावांत आहे. शेकडो वर्षं लोकांनी तिचे दगड घरांना, गोठ्यांना, कुंपणांना नेले. हेक्सॅमच्या चर्चचं सातव्या शतकातलं तळघरसुद्धा रोमन दगडांचं. स्कॉटलंडातून उठलेल्या १७४५ च्या बंडानंतर सरकारने लष्करी रस्ता केला, तेव्हा तर बराच भाग फोडून रस्त्यातच घातला. पुढे न्यूकॅसलच्या जॉन क्लेटन नावाच्या वकिलाने भिंतीखालची शेतं विकत घ्यायचा सपाटा लावला, म्हणून उरलंसुरलं वाचलं. मला गावकऱ्यांचं काही चुकलंसं वाटेना. दाराशी घडीव दगड पडलेले असताना खाणीत कोण मरायला जातं? पण हे बोलले नाही. डबा अजून उघडायचा होता.

विंडोलांडा या जवळच्याच रोमन छावणीच्या संग्रहालयात मात्र मी रमले, आणि ते केवळ तिथे बाक होता म्हणून नव्हे. ओल्या चिखलात हवा न लागल्यामुळे तिथे लाकडाच्या पातळ पट्ट्यांवरची शाईची पत्रं टिकली. १९७३ पासून ती सापडताहेत. एकात कुणाला तरी मोजे आणि चड्ड्यांचे दोन जोड पाठवल्याची नोंद. दुसऱ्यात क्लॉडिया सेव्हेरा नावाची बाई मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला आग्रहाने बोलावते. हे पत्र साधारण इ.स. १०० चं. म्हणजे तेव्हा भिंत नव्हती. सुखी बाई! पाहुणीला नुसतं जेवूखाऊ घालून परत पाठवता येत होतं.

आमचे 'हे' दिवसभर गप्प होते. एका पत्रापाशी एकदम थबकले. मास्क्युलस नावाचा अधिकारी वरिष्ठांना कळवतो की माझ्या सैनिकांकडची बिअर संपलीय, पाठवायची व्यवस्था करावी. ह्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. अख्ख्या दिवसात त्यांनी स्वतःहून वाचलेला मजकूर एवढाच.

मग ट्वाइस ब्रूडच्या खाणावळीत ह्यांच्यापुढे ग्लास आला, माझ्यापुढे चहा. दोन्ही जरा बाजूला सरकवून जावयांनी टेबलावर नकाशा पसरला. पश्चिमेकडची भिंत सगळी राहिलीच होती.